तिचा उजवा की माझा उजवा

मी गोलकीपर झाले ती काही उंचीमुळे नाही. मला पळायचा कंटाळा होता. कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ काढायचं ठरलं, तेव्हा सरांनी आम्हाला मैदानावर रांगेत उभं करून विचारलं, "पळायचं कोणाकोणाले जमते?" सगळ्यांचे हात वर गेले. माझा एकटीचा खाली राहिला. सर म्हणाले, "हे पोट्टी गोलात."

सर मूळचे कबड्डीचे. फुटबॉल ते मोबाईलवर पाहून आदल्या दिवशी शिकायचे आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला शिकवायचे. ऑफसाइड त्यांना स्वतःलाच नीट उमगला नव्हता. त्यामुळे त्यांनी एकच नियम केला होता, "लय पुढं जाऊ नका, लय मांग राहू नका." या एका वाक्यावर आमचा कारंज्याचा संघ बऱ्यापैकी खेळायला लागला. फक्त आष्टीचं कॉलेज समोर आलं की आमचं डोकं फिरायचं.

त्याचं कारण आदल्या वर्षीच्या सेमीफायनलमध्ये होतं. मैदान आखायला चुना वापरला होता आणि त्या दिवशी वारा सुटला होता. दुपारपर्यंत गोलची रेषा उडून शेजारच्या तुरीत गेली. आष्टीच्या नऊ नंबरच्या मुलीनं मारलेला बॉल मी पकडला, पण तो रेषेच्या आत पकडला की बाहेर, हे ठरवायला रेषाच नव्हती. रेफ्रींनी वाकून जमीन पाहिली, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि गोल दिला. तेव्हापासून आष्टीच्या मुली आम्हाला ढाबेवाल्या म्हणायच्या आणि आम्ही त्यांना संत्रेवाल्या. खरं तर संत्री आमच्याकडेही पिकतात आणि ढाबे त्यांच्याकडेही आहेत, पण चिडवताना एवढा विचार कोण करतं?

नऊ नंबरची तर मला फारच चीड होती. ठेंगणी, घट्ट वेणी घालणारी, बॉल पायात आला की जीभ बाहेर काढून पळणारी. त्या सेमीफायनलमध्ये तिनं माझ्या नडगीवर बूट मारला होता आणि वर म्हणाली होती, "मधात काऊन उभी राह्यली?" आता गोलकीपरनं मधात नाही तर कुठं उभं राहायचं?

यंदा दोन्ही कॉलेजं आमच्या गटाच्या फायनलला पोचली. सामना पुढच्या आठवड्यात वर्ध्याला होता. प्रॅक्टिस करून मी घरी आले, तर आईनं दारातच सांगितलं, "रविवारी दादाचं साक्षगंध हाये. केस धुवून ठेवजो, तुहा काई भरोसा नाई."

दादासाठी मुलगी पाहायला घरचे गेले तेव्हा मी प्रॅक्टिसला होते. मुलगी आष्टीची आहे, शिकलेली आहे आणि दादा परत आल्यापासून आरशात फार वेळा पाहतो आहे, एवढंच मला माहीत होतं. आष्टी हे नाव थोडं खटकलं, पण सबंध गावाशी माझं वैर नव्हतं. फक्त संघाशी होतं.

रविवारी आम्ही पोचलो. अंगणात मांडव, खुर्च्या, पाहुणे. बाबा आणि मोठी आत्या पुढं बसले. सरबताचा ट्रे घेऊन एक गुलाबी साडीतली मुलगी ओळीनं सगळ्यांपुढं वाकत वाकत माझ्याजवळ आली. मी ग्लास उचलला, वर पाहिलं, आणि तिची घट्ट वेणी दिसली.

"तू?" ती म्हणाली.

"तू?" मी म्हणाले.

होणाऱ्या वहिनीची ती सख्खी धाकटी बहीण होती. तिची आई कौतुकानं जवळ आली. "ओळखता काय वं एकमेकीले?"

"हाव काकू," मी म्हणाले, "कॉलेजच्या कार्यक्रमात भेटलतो." नडगी आपोआप मागे घेतली गेली.

मग बुद्धवंदना झाली. सगळे हात जोडून, डोळे मिटून पंचशील म्हणत होते. हिंसेपासून दूर राहण्याचं शील आलं तेव्हा मी एक डोळा उघडून नऊ नंबरकडे पाहिलं. तिचाही एक डोळा उघडाच होता. अंगठ्या झाल्या, टाळ्या झाल्या, फोटोवाला म्हणाला, "आता दोन्हीकडच्या बहिणी बहिणी या, जिलेबी चारा एकमेकीले." आम्ही चारली. तिनं माझ्या तोंडात जिलेबी अशी कोंबली की डोळ्यांत पाणी येऊन मला समोरची मंडळी दिसेनाशी झाली. मीही कमी केलं नाही.

इथवर सगळं झाकलेलं राहिलं होतं. पण जेवणं झाल्यावर तिचे मामा मोठ्यानं म्हणाले, "आमची पोरगी आता फायनल खेळून राह्यली बरं का, कारंज्याच्या पोरींसंग." आणि माझे बाबा तितक्याच अभिमानानं म्हणाले, "आमची पोरगी कारंज्याच्या गोलात राह्यते!"

मांडवातल्या सगळ्या माना आमच्या दोघींकडे वळल्या. मग मोठी आत्या खुर्चीत सावरून बसली. आमच्याकडची सगळी लग्नं आत्यानं जमवलेली. देणंघेणं, मानपान, कोण कुठं बसेल, हे तिच्याशिवाय ठरत नाही. तिला वाटलं हेही त्यातलंच आहे.

"हे पाहा," आत्या म्हणाली, "आमी वरपक्ष. वरपक्षाचा मान राखावा लागते. तवा कप आमच्या पोरीले."

"बाई," मामा म्हणाले, "पोरगी देऊनच राह्यलो. आता कपही द्यायचा काय?"

"मंग बरोबरीत सोडवा," बाबा म्हणाले. "एक गोल त्यायचा, एक आपला. कोनाचं मन दुखायचं नाई."

"फायनल बरोबरीत सुटत नाही बाबा," मी ओरडले.

"मंग काय करतेत?"

तेव्हा खाली मान घालून बसलेली नवरी पदर सावरत हळूच म्हणाली, "पेनल्टीवर जाते."

लग्न ठरल्यापासून वहिनी आमच्या घरच्यांसमोर जे पहिलं वाक्य बोलली ते हे. दादा तिच्याकडे असा पाहत राहिला की जणू तिनं गाणं म्हटलं. आत्यानं विचारलं, "पेनल्टी म्हणजे कोणाकडून घ्याची?" मामा समजावून सांगायला लागले आणि त्यांनाही ते नीट माहीत नव्हतं. दोन्हीकडची शहाणी माणसं पेनल्टी वरपक्षानं आधी मारायची की वधूपक्षानं, यावर बोलत बसली. नऊ नंबरचे कान लाल झाले होते. माझेही झाले असणार. आम्ही दोघी एकदमच उठलो आणि पत्रावळी उचलायच्या निमित्तानं मागच्या अंगणात गेलो.

हातपंपापाशी उभं राहून ती म्हणाली, "मी काई सोडणार नाई हं. पाव्हणी असशीन तं घरी."

"मीही सोडणार नाही."

"तुह्या आत्याले सांगून दे."

"तुझ्या मामाले तू सांग."

तिनं हातपंप हापसून हात धुतले. मग ती एकदम म्हणाली, "पेनल्टी आली तं मी उजव्या कोपऱ्यात मारते. सांगून ठेवते."

"मला काऊन सांगतेस?"

"आताच तं खोटं न बोलण्याचं शील म्हटलं ना सगळ्याईनं. नातं झालं आपलं. मी खोटं कायले बोलू?" आणि वेणी उडवून आत निघून गेली.

परतीच्या वाटेवर गाडीत मी आधी विचार केला की ती खोटं बोलते आहे, म्हणजे डावीकडे उडी घ्यायची. तळेगाव यायच्या आत वाटलं, शील म्हणून कुणी लगेच खोटं बोलेल का? म्हणजे उजवीकडे. आणि घराजवळ आल्यावर माझ्या डोक्यात खरा प्रश्न शिरला. उजवा म्हणजे तिचा उजवा की माझा उजवा? आम्ही तर समोरासमोर उभ्या राहणार!

त्या आठवड्यात दादा रोज संध्याकाळी फोन घेऊन गच्चीवर जायचा. मी त्याच्या मागे मागे. "विचार ना रे दादा. तिच्या बहिणीचा उजवा का माझा उजवा, एवढंच विचार."

"आमी काय हेच बोलू काय?"

"तुमी दुसरं काय बोलता?"

हे त्याला सांगता येईना, म्हणून त्यानं विचारलं. फोनवर बराच वेळ हसणं ऐकू आलं. मग दादा पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाला, "ते म्हणते, माहेरची गोष्ट सासरी आत्ताच नाई सांगत. लग्न झाल्यावर विचारजा."

इकडे दुसरंच संकट आलं. दादानं साक्षगंधाचे फोटो स्टेटसला टाकले. त्यात जिलेबीचा फोटो होता. फोटोत आम्ही इतक्या प्रेमानं एकमेकींना चारतो आहोत की बघणाऱ्याला वाटावं, जन्मोजन्मीच्या मैत्रिणी. दुसऱ्या दिवशी कॅप्टननं सगळ्या संघाला तिच्या वडिलांच्या ढाब्यावर बोलावलं. आमची कॅप्टन बोलायला फटकळ आणि हाडापेरानं दणकट. ट्रकवाले तिच्याशी बोलताना आवाज खाली करायचे. तिनं खाटेवर बसून मोबाईल माझ्यापुढं धरला.

"हे काय होय?"

"जिलेबी."

"थे दिसून राह्यलं मले. कोनाले चारून राह्यली?"

"फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून चारली. दादाचं साक्षगंध होतं!"

"म्हणजे तू आता त्याईची पाव्हणी." मागून कुणीतरी म्हणालं, "गोल सोडशीन तं नाई ना?" आणखी एक म्हणाली, "सोडला तं लग्नाच्या आहेरात धरतीन."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी गोलात उभी राहायला लागले ती आळसामुळे, हे खरं. पण दोन वर्षांत मला ती जागा आवडायला लागली होती. पुढं सगळ्या पळत असतात, ओरडत असतात, आणि आपण दोन खांबांच्या मधे एकटी. सगळा खेळ आपल्याला दिसतो. ती जागा मी जिलेबीसाठी विकली, असं कुणी म्हणावं?

तेवढ्यात सर आले. सगळं ऐकून घेतलं. मग गंभीरपणे मला विचारलं, "किती खाल्ल्या?"

"एकच सर. तीही तिनं कोंबली."

"एका जिलेबीनं माणूस फितूर होत नाई," सरांनी निकाल दिला. "पण उद्यापासून हिले पेनल्टीची प्रॅक्टिस द्या. सगळ्याईनं मारा."

सगळ्यांनी मारल्या. कॅप्टननं तर अशा मारल्या की मी चेंडूपेक्षा तिच्याच तोंडाकडे जास्त पाहिलं. मी प्रत्येकीला विचारायची, "आधी सांगून मार, कोणत्या कोपऱ्यात." त्या सांगायच्या, आणि मी त्यांचा उजवा की माझा, यात अडकून उभीच राहायची. सर डोक्याला हात लावून बसले.

सामन्याच्या दिवशी वर्ध्याच्या मैदानावर आम्ही वॉर्मअप करत होतो, तर एक गाडी आली आणि तिच्यातून दोन्ही घरची माणसं उतरली. एकाच गाडीतून! आत्यानंच ठरवलं होतं म्हणे, आता वेगळं कशाला जायचं. आई, बाबा, दादा, तिची आई, मामा, आणि मधे आत्या, डोक्यावर छत्री. सगळे एका झाडाखाली सतरंजी टाकून बसले आणि चिवड्याचा डबा उघडला. दादाच्या शेजारी वहिनीही होती. ती सोडून कुणालाच खेळ कळत नव्हता. बॉल कुणाकडेही गेला की आत्या टाळ्या वाजवायची.

खेळ मात्र चांगला झाला. खरंच चांगला झाला. नऊ नंबर जीभ बाहेर काढून पळत होती आणि आमची कॅप्टन तिच्या मागे ट्रकसारखी लागली होती. मी दोन-तीन चांगले बॉल अडवले. एकदा तर उडी मारून अडवला, आणि मागून कॅप्टन ओरडली, "शाब्बास!" ढाब्यानंतर पहिल्यांदाच ती माझ्याशी धड बोलली. दोन्हीकडचा गोल कोरा राहिला. आणि सामना संपत आला तेव्हा आमच्या एका मुलीच्या हाताला बॉल लागला. गोलच्या अगदी समोर. रेफ्रींनी शिट्टी मारून पेनल्टीच्या जागेकडे बोट दाखवलं.

नऊ नंबरनं बॉल ठेवला. जीभ आत घेतली. माझ्याकडे पाहिलं.

मी मनात म्हटलं, उजवा. मग म्हटलं, तिचा. मग म्हटलं, पण शील. मग म्हटलं, पण मामा. आणि झाडाखालून आत्याचा आवाज आला, "हळू मार वं बाई, घरचीच हाये!"

पूर्ण मैदान हसलं. नऊ नंबर धावत आली. मी अजून ठरवतच होते. डावीकडे नाही, उजवीकडे नाही, जिथल्या तिथं. आणि बॉल सरळ मधून आला आणि माझ्या नाकावर बसला.

पुढचं थोडं मला नंतर सांगितलेलं आहे. मी मागच्या मागे बसले. बॉल उलटून नेमका तिच्या पायाशी गेला. समोर गोल मोकळा. नुसता ढकलला असता तरी चालला असता. पण तिनं माझ्या नाकातून आलेलं रक्त पाहिलं आणि बॉल तिथंच सोडून माझ्यापुढं ओणवी झाली.

"लागलं काय वं? पाहू दे, पाहू दे!"

तेवढ्यात कॅप्टन आली आणि तिनं तो बॉल असा लाथाडला की तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला. तिकडं आमची एक मुलगी पेनल्टीकडे पाठ करून बुटाची लेस बांधत बसली होती. आमच्याच अर्ध्या मैदानात बसली होती, म्हणून ऑफसाइडचाही प्रश्न नव्हता. बॉल तिच्या पाठीला लागला. तिनं वळून पाहिलं. आष्टीची गोलकीपर, आता गोल झालाच म्हणून, पार मध्यापर्यंत नाचत आली होती. आमच्या मुलीनं एकदा सरांकडे पाहिलं. सर दोन्ही हात हलवून ओरडले, "पळ! लय पुढं जा!"

ती पळाली. एका बुटाची लेस लोंबत, मागे सगळं मैदान. रिकाम्या गोलात बॉल आणि बॉलमागे ती स्वतः, दोघंही गेले.

आम्ही जिंकलो. आष्टीच्या सरांनी रेफ्रींशी खूप वाद घातला की मुलीला लागलं होतं, खेळ थांबवायला हवा होता. रेफ्री म्हणाले, ते ठरवतच होते, तोवर गोल झाला. मला त्यांचं दुःख समजलं.

नाकात कापूस घालून मी कप उचलायला गेले, सगळ्यांनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि खाली पाडलं. हसता हसता माझं लक्ष पलीकडे गेलं. नऊ नंबर एकटीच बसली होती. तिच्या मुली लांब उभ्या राहून बोलत होत्या आणि त्यांचा एक शब्द मला इथवर ऐकू आला, "पाव्हणी!" तोच शब्द, फक्त आता तिच्या वाट्याला.

मी जाऊन शेजारी बसले.

"गोल काऊन नाही मारला?"

"तुहं नाक पाहून भेवली मी. वाटलं, लग्नात ताईच्या फोटोत हे असं नाक आलं तं माय मारून टाकते मले."

"आणि उजवा कोणता होता? तुझा का माझा?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. "मलेही तेच समजेना. तू कोणता समजली हे मले मालूम नोतं. आठवडाभर झोप नाई आली. म्हणून मधातून मारला."

तिच्या संघानं तिच्याशी बोलणं टाकलं, म्हणून ती परत घरच्यांच्या गाडीतून निघाली आणि तिच्यासोबत मीही. आत्याच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला मी. आत्या समाधानानं म्हणाली, "पाहा, पोरीनं वरपक्षाचा मान राखला."

"मान-गिन काई नाई!" नऊ नंबर उसळली. "मी सोडला नाई, मी भेवली!"

"हो आत्या," मीही चिडले. "आम्ही जिंकलो तो काही आहेर नाही!"

"बरं बरं, राखला की नाई?" आत्या.

आर्वी येईपर्यंत आम्ही दोघी मिळून आत्याला समजावत होतो. तिला पटलं नाही. ती आजही सगळ्यांना हेच सांगते. मामांनी मात्र वाटेत गाडी थांबवून सगळ्यांना चहा पाजला आणि माझ्या नाकाला लावायला हॉटेलवाल्याकडून बर्फ मागून आणला.

लग्न झालं. फोटोवाला मला सारखं म्हणत होता, "ताई, जरा तिकडं तोंड करा." कॅप्टननं पंगतीत आष्टीच्या अख्ख्या संघाला आग्रह करकरून वाढलं. भातावर भात. त्यांना उठवेना तेव्हा कुठं दोन्ही संघांची बोलचाल सुरू झाली.

पुढं विद्यापीठाच्या संघात आमची दोघींची निवड झाली. राखीव म्हणून. परराज्यात स्पर्धा होती, थंडी कडाक्याची. आम्ही दोघींनी सगळे सामने बाकावर बसून पाहिले, एक मिनिटसुद्धा मैदानात गेलो नाही. पहिल्या दिवशी तिच्याकडे स्वेटर नव्हता, म्हणून माझी गोलकीपरची जर्सी तिनं आपल्या जर्सीवरून घातली. लांब बाह्या हातांच्याही पुढं आल्या होत्या. त्या बाह्यांमधून बोटं बाहेर काढून ती घरून आणलेली संत्री सोलत होती, अर्ध्या फोडी मला देत होती, आणि मैदानावरच्या गोलकीपरला जोरजोरात ओरडत होती, "मधात काऊन उभी राह्यली वं? मधात काऊन?"